धोट्याखालचा रकाना

मायाप्पा खुर्चीत टेकायलाच तयार नव्हता. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. त्याच्या येरझाऱ्या बघून प्रियंकाचाही पाय टेबलाखाली आपोआप हलू लागला.

"उद्या मंगळवेढ्याहून पाथरवट येतोय, ताई. गावात लढाईत गेलेल्यांच्या शिळेवर आमच्या बिरुदेव चुलत आज्ज्याचं नाव कोरायचं हाय. अस्सल कागद दावल्याबिगर सरपंच कोरू देणार न्हाईत. आन् कागदच गायब."

"कसला कागद?" श्रावणीताईंनी विचारलं. नवी पेठेतल्या या दोन खोल्यांत त्या खासगी तपास करत. मावसबहीण प्रियंका मदतीला, म्हणजे बहुतेक वेळा चुकीचा अंदाज करायला.

"पलटणीतला. शंभर वर्सं पेटीत पडून होता. इंग्रजी हाय, आमाला कुटं येतंय? म्हणून वाचनालयात दिला. तितं जुने लष्करी कागद उतरवून घराण्यांचा माग काढत्यात. आज्जा बिनलग्नाचा गेला. त्याचं नाव सांगणारं आमच्याबिगर कोण हाय?"

मायाप्पाला घेऊन दोघी वाचनालयात पोचल्या. तिथे तिघं काम करत होते.

बसवेश फोटो काढायचा. "पंखा बंद केला तर माणूस शिजतंय, चालू ठेवला तर कागद उडतंय," म्हणत त्याने फोटो दाखवला. पिवळा कागद, आणि उडू नये म्हणून खालच्या कोपऱ्यावर आडवा ठेवलेला हातमागाचा लाकडी धोटा. "शुक्रवारी हा एकच फोटो काढला आणि कागद कपाटात ठेवला. किल्ली खिळ्याला. सगळ्यांना माहीत."

अनिलकुमार, निवृत्त सुभेदार, उतरवलेलं तपासायचे. "नियम एकच. दिसेल ते लिहा, दिसत नाही तिथे फुली. मी आज सकाळीच अक्कलकोटहून आलोय, बाई. अजून काही पाहिलं नाही."

सोनाली मजकूर उतरवायची. नखं कुरतडत, घड्याळाकडे बघत म्हणाली, "मी कागदाला हातच लावला नाही. फोटोवरूनच उतरवलं. लवकर विचारा की, मला वळसंगची पाचची गाडी धरायचीय."

तिचं काम सुरेख होतं. एकही फुली नाही. उंची पाच फूट पाच इंच. डाव्या भुवईवर व्रण. मृत्यू बसरा, १९१७. वारस पत्नी यशोदा, मुक्काम वळसंग.

"बसवेशच," प्रियंका कुजबुजली. "शेवटी कागद त्याच्याच हातात होता."

"तुझं ऐकलं तर या धंद्यात आपण उपाशीच राहू," ताई म्हणाल्या आणि सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं. फोटो मोठा केला.

"सुभेदार, वारसाचा रकाना वाचा."

त्यांनी चष्मा सारखा केला. "कसा वाचू? त्यावर धोटा आहे."

"मग तिथे काय हवं?"

"फुली."

ताईंनी सोनालीने उतरवलेल्या पानावर बोट ठेवलं: पत्नी यशोदा.

"फोटोत नसलेलं नाव सोनालीला कळलं, म्हणजे तिने खरा कागद पाहिला," ताई म्हणाल्या. "चोराने फुली मारून हात झटकले असते. पण ही उतरवणारी मुलगी. खरं माहीत असताना फुली मारायला हात धजला नाही. आणि यशोदा वळसंगची. पाचची गाडीही वळसंगचीच."

सोनालीने मान खाली घातली. "यशोदा माझ्या आजोबांची, म्हणजे आण्णांची, आजी. नवरा बिरुदेव लढाईवर गेला, एवढंच ती सांगायची. सासरच्यांनी लग्न मानलं नाही. आण्णांची आई बिनबापाची म्हणवून घेतच मेली. फोटोत बिरुदेव नाव दिसलं आणि राहवलं नाही. एका दिवसासाठी नेला होता. पण आण्णा चौऱ्याऐंशीचे. कागद छातीवर धरून झोपतात. सोडतच नाहीत."

येरझाऱ्या थांबल्या. मायाप्पा पहिल्यांदाच खुर्चीत बसला.

"लग्नाचा पुरावा आमच्याच पेटीत होता," तो हळूच म्हणाला. "वाचता येत नव्हतं, का कुणी वाचून गप बसलं, देव जाणे."

मग तो एकदम उठला. "पोरी, पाचाला किती कमी?"

"वीस मिनिटं."

"चल की मग. कागद न्हाय मागत मी. आण्णांनाच आमच्या गावाला न्यायचं. कागद छातीवर असू दे त्यांच्या. उद्या शिळेपुढं नारळ तेच फोडतील."