पाण्यात पडलेली कबर

उसेंगेच्या किनाऱ्यावर मासळी तोलायच्या शेडमागे आमची नकाशे बनवायची खोली आहे. सुकत घातलेल्या ओमेना मासळीचा वास संगणकाच्या कळांनाही लागलेला असतो. सरोवर दरवर्षी थोडं वर चढतंय. कुणाचं घर, कुणाची कबर पाण्याखाली जाणार, हे आमच्या नकाशावरून ठरायचं होतं. पण नकाशात अर्धं गाव आधीच बुडालेलं होतं.

जुन्या मोजणीने पृथ्वीचा आकार एक धरलेला, नेटवरच्या नकाशाने दुसरा. त्यामुळे सगळंच सरकायचं. मी आठवडाभर आकड्यांशी डोकं फोडलं; माझ्या जोडीला काम करणाऱ्या अपोंडीने चहा संपायच्या आत ते सोडवलं. घरं, रस्ते बाजूला ठेवून तिने अंगणांतल्या कबरी धरल्या.

"घर माणूस हलवतो, ओगवांग. कबर कोण हलवणार?"

कबरींवरून फरक काढून तिने अख्खं गाव उचललं आणि जागच्या जागी ठेवलं. इतकं सुबक काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

एकच कबर चुकली, ओतिएंदेची. ती सरोवरात, पपायरसच्या बेटापाशी जाऊन पडत होती.

"पोहायला गेला असेल," मी म्हणालो. "दे ओढून हाताने. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना."

तिने आकडे पडताळले, बिंदू पुसला, आणि मोजणीचं यंत्र घेऊन आम्ही टेकडीवरच्या त्याच्या अंगणात गेलो. कबरीशी उभं राहून नव्याने मोजलं. तरी नकाशात बिंदू पाण्यातच, त्याच जागी.

ओतिएंदेची आई दोर्सिला दारात मका सोलत होती. तिला सगळे दानी म्हणतात, म्हणजे आजी. तिचा मुलगा गेल्या वर्षी होडीतून पडला तो सापडलाच नाही. प्रेत नसलं की आमच्यात त्याच्या जागी यागोच्या झाडाचं लांबट, जड फळ पुरतात. त्याच्या कबरीतही तेच होतं.

"दानी, जरा गडबड आहे," अपोंडी म्हणाली. "तुझा पोरगा नकाशात पाण्यात दिसतोय."

"मग तुमच्या नकाशाला अक्कल आहे. मी वर्षभर दुसरं काय सांगतेय? फळासाठी कुठली आई रडते गं? माझं पोर आणून द्या, मग मी मरायला मोकळी."

मी यंत्र आवरायला लागलो. अपोंडीने मात्र खाली येताच त्या बिंदूचे आकडे कोळ्यांच्या हातात ठेवले.

"हसतील तुला," मी म्हणालो.

"हसू देत. चूक शोधायची असते, लपवायची नसते."

तिचा मला तेव्हा फार अभिमान वाटला, आणि भीतीही.

दुपारी होडी पपायरसपाशी थांबली. पहिलाच गळ अडकला.

वर आली ती हाडं, जाळ्यात गुरफटलेली, आणि दानीने विणलेला निळा स्वेटर. त्याची एक बाही पार उसवून गेली होती.

"एका कबरीत दोघं नकोत," म्हाताऱ्यांनी सांगितलं. फळ काढायला कबर उघडली.

अपोंडीने फोन माझ्यापुढे धरला. नकाशातला बिंदू आता पाण्यात नव्हता, आमच्या पायाशी, कबरीवर होता.

"तू ओढलास?" तिने विचारलं.

"नाही. मला वाटलं, तूच."

माती तळापर्यंत कोरडी होती. फावड्याबरोबर धूळ उडत होती.

फळ मात्र निथळत होतं. त्याच्यावर निळी लोकर गुंडाळलेली, घट्ट आणि एकसारखी.

दानीने टोक शोधून बोटाने चाचपलं.

"गाठ त्याचीच आहे," ती म्हणाली. "लहानपणी मीच शिकवली होती."