हरभऱ्यावरचं पांढरं

"पहाटेच पाहिलं मी. पांढरं होतं ते. हरभऱ्यावर आडवं पसरलेलं. मी पुढे झाले तसं उठून उभं राहिलं!" नम्रताचा आवाज चिरकला.

सुनिलच्या अंगावर सर्रकन काटा आला. सापगावात चांगलं ऊन पडलं होतं, तरी त्याला पळून जावंसं वाटत होतं. गुप्तहेराच्या मदतनिसाला हे शोभत नव्हतं, पण भीतीला कोण समजावणार? गुप्तहेर योगिनी मात्र शेवटच्या ओळीशी शांतपणे उकिडवी बसली होती.

नम्रता हरभऱ्याची संशोधक. ठिकठिकाणची वाणं तिने इथे ओळीने पेरली होती. कुणाचं फूल जांभळं, कुणाचे घाटे टपोरे. गुण पारखून त्यांच्या संकरातून नवं वाण काढायचं होतं. पण भुताच्या धाकाने बायका कामावर येईनात.

"भुताला हीच ओळ का?" योगिनीने विचारलं.

"हिची पानं सगळ्यांत आंबट, म्हणून अळी फिरकत नाही. माझी सगळी आशा हिच्यावर. पण हल्ली आंबटपणा कमी कमी भरतोय. असंच चाललं तर हे वाण बाद होईल."

"घाटे चोरीला गेले?"

"एकही नाही. फक्त वाणाच्या नावाची काठी उपटून बांधावर नीट ठेवलेली असते."

"हा वास?"

"विषारी औषधाचा. बाकीच्या ओळींत अळी वाढली, म्हणून काल दुपारी मीच सगळ्या शेतावर मारलं. राखणदार मुरबाडला गेला होता."

त्या उग्र वासाने सुनिलचं डोकं उठलं होतं.

तेवढ्यात शेतमालक महिपत आला. "मॅडम, शेत सोडा. मना भाजी लावायचीय. कोणाचं बरंवाईट झालं तं आमी जबाबदार नाय."

'हाच तो!' सुनिलने डोळ्यांनी खुणावलं. योगिनीने लक्षच दिलं नाही.

मग राखणदार भगीरथ आला. डोक्याला ओलसर पांढरा पंचा, त्याला बारीक हिरवी पानं चिकटलेली.

"भूत पयलं मीच बघलं. तवापासून शेतात पाय टाकला नाय. कुंपणाभायेरच असतो."

"औषधाचा वास येतो?"

"कसलं औषध? सर्दीनं नाक चोंदलंय."

"घरी कोण?"

"आई, ताराबाई. पोटाच्या दुखण्यानं पडून हाय."

योगिनीने पंचा मागून घेतला, नाकाशी नेला आणि तिचा चेहरा उतरला.

"भूतबीत काही नाही. कुणीतरी हरभऱ्याची आंब, म्हणजे पानांवरचा आंबट रस, काढत होतं. रात्री झाडांवर कापड अंथरायचं, पहाटे दवाने भिजलं की उचलून पिळायचं. पोटदुखीवर जुन्या घरांत देतात. ओळीचा आंबटपणा कापडात जात होता. काठी कापडात अडकते म्हणून उपटायची, पण ती जपून ठेवायची. महिपतदादांना शेत मोडायचं असतं तर त्यांनी ओळच तुडवली असती. काठी जपणारा हात राखणदाराचा. शेतात न जाणाऱ्याच्या पंच्याला हरभऱ्याची पानं कशी चिकटतील? लोकांनी जवळ येऊ नये म्हणून भूत तूच उठवलंस, भगीरथ."

भगीरथने मान खाली घातली. "नोकरी जाईल म्हणून बोललो नाय."

"नोकरी राहू दे! पंच्याला औषधाचा वास येतोय. आजची आंब कुठे आहे?"

"आईच्या उशाशी..."

तो धावत सुटला. मागोमाग सगळे. म्हातारी कशी दिसेल, हा विचारच सुनिलला सोसवेना.

ताराबाई खाटेवर बसली होती. उशाशी पेला.

"आये! प्यायलीस काय गो?"

"नाय रे. त्या शेतात भूत फिरतं, तूच लोकांना बोललास ना? कालच माज्या कानावर आलं. तिथली आंब मी कशी पिऊ?"

पेला काठोकाठ भरलेला होता. भगीरथने तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तो हमसून हमसून रडू लागला.