मागं ऐकू येते का?

पटो न पटो, हे माझ्या सख्ख्या पत्रूमामाच्या घरात घडलंय. सन १९८६, ऊर्जानगर या वीज केंद्राच्या वसाहतीतलं क्वार्टर, डिसेंबरातली संध्याकाळ. पाच वाजले होते.

मामाला गिटारचं वेड. नागपूरहून आणलेल्या कॅसेटमधल्या विलायती बँडसारखा फाटका, जाड आवाज त्याला हवा होता. जमीन थरथरली पाहिजे, म्हणायचा. कारण आजी, सुगंधाबाई, तीन वर्षांपासून ठार बहिरी होती. निदान पायांतून तरी तिला आपलं वाजवणं कळावं, एवढाच त्याचा हट्ट.

नव्या ट्रान्झिस्टर मशीनचा आवाज कोरडा. शेवटी सावली गावच्या सोमाजी मेकॅनिककडे नाटक मंडळीचा जुना वॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर मिळाला.

"लोकं फाटका आवाज नीट कराले आणते, अन् तुले फाटकाच पाहिजे?" सोमाजी हसला. मग त्यानं बटणाजवळची लाल खूण दाखवली. "याच्यापुढं नेऊ नको. मंडळीतल्या माईकवाल्या लहानूची मशीन आहे. नाटकाआधी तो इचारे, मागं ऐकू येते का? मागचे हो म्हनत. एकदा पोट्ट्यांनी मस्करीत उत्तरच देल्लं नाई. तो वाढवत गेला... करंट लागून मशीनलेच चिकटला, तिथंच मेला."

मामानं मान डोलावली. पण खुणेच्या आत आवाज फाटतच नव्हता.

आजी मामाच्या मागं, दारात तांदूळ निवडत होती.

मामानं बटण खुणेपुढे नेलं. तार छेडली.

तोच आवाज! अगदी कॅसेटमधला. मामाचे डोळे भरून आले. आजीनं मात्र मान वर केली नाही.

त्यानं तारांवर हात ठेवला. सगळं शांत झालं.

आणि मग मशीनमधून...

"मागं ऐकू येते का?"

माईक जोडलेलाच नव्हता.

मामा गारठला. बटण आपोआप पुढे सरकत होतं...

"ऐकू येते, भाऊ."

आजी बोलली होती. सूप खाली न ठेवता.

बटण थांबलं.

मामानं प्लग उपटला. खुणा करून विचारलं, कोण होतं?

"मले का मालूम? मागच्यानं सांगा लागते ना बाबू. नाईतर तो बिचारा वाढवतच राह्यते."

मशीन दुसऱ्याच दिवशी सावलीला परत गेलं. तरी रोज पाचला आजी हातातलं काम थांबवायची आणि म्हणायची, "ऐकू येते, भाऊ."

मामाची गिटार तिला शेवटपर्यंत ऐकू आली नाही. त्याचं त्याला अजून वाईट वाटतं.

आजीला जाऊन आता अकरा वर्षं झाली. मामा पाचच्या आत घराबाहेर पडतो. परवा पाचला मी त्याच्या घरी एकटाच थांबलो होतो. कोपऱ्यातल्या गिटारची जाड तार हळूच थरथरली...

मी "हो" म्हणालो.