एकोणतीस तारखेचे न्योकी

एकोणतीस तारखेला न्योकी खायचे, तेही पोतेन्सा खाणावळीतच आणि ताटाखाली नोट ठेवूनच, हा ओफेलियाबाईंच्या घरचा नेम तेहेतीस वर्षे मोडला नव्हता. नवरा गेला त्या महिन्यातही तो मोडला नाही. महिनाअखेरीस बटाटा आणि मैद्याचे ते मऊ गोळे खाऊन दिवस काढायचा आणि ताटाखालच्या नोटेने पुढचा महिना बरा जाईल अशी आशा धरायची, ही साऱ्या ब्यूनोस आइरेसची रीत. बाईंच्या नवऱ्याने, हेनारोने, त्या रीतीला स्वतःची एक पुरवणी जोडली होती. ताट रिकामे झाल्याखेरीज कोणी उठायचे नाही. "अर्ध्यावरून उठलं की आपलं नशीब दुसऱ्याच्या ताटाखाली जाऊन बसतं," असे तो म्हणे आणि मुलांच्या पाठीत हलकेच चमचा मारी.

जूनमधला, म्हणजे तिथल्या हिवाळ्यातला, शनिवार होता. बाहेर बोएदो वस्तीच्या पदपथांवर दुपारचे थंड, फिकट ऊन पडले होते. आत मात्र उकाडा, गलका आणि लसणाचा वास. छताला हॅम टांगलेले, भिंतींवर फुटबॉल क्लबांचे विटलेले सदरे, आणि पेंग्विनच्या आकाराच्या चिनीमातीच्या सुरयांतून ओतली जाणारी स्वस्त तांबडी वाइन. पोतेन्सात जो हळू बोलेल तो उपाशी राहील, असे त्या भागात गमतीने म्हणत, आणि ते फारसे खोटे नव्हते.

सेवेरो हा तिथला सर्वांत जुना वाढपी. वीस माणसांनी एकदम सांगितलेले पदार्थ तो कागदाला पेन न लावता ऐकून घेई आणि ज्याचे त्याच्यासमोर बिनचूक आणून ठेवी. बाईंना तो आदराने 'दोन्या' म्हणे. त्या दिवशी दारात त्यांना पाहून तो थबकला.

"दोन्या ओफेलिया! तुम्हाला मी आत्ताच बसवलं ना, तिकडे खांबापाशी?"

"म्हातारा झालास, सेवेरो. आमचं टेबल खिडकीचं."

"हो, हो. खिडकीचं." तो हसला खरा, पण त्यांना बसवून जाताना त्याने खांबाकडे पुन्हा एकदा वळून पाहिले.

खिडकीपाशी चौघे बसले: बाई, त्यांचा मुलगा रूबेन, सून मिर्ता आणि त्यांना 'नोना', म्हणजे आजी, म्हणणारा सोळा वर्षांचा नातू ब्रूनो. न्योकी आले. प्रत्येकाने आपापल्या ताटाखाली नोट सरकवली. रूबेनने दोन घास खाल्ले आणि काटा खाली ठेवला.

"आई, गुरुवारी साडेदहाला डॉक्टरांची वेळ घेतलीय. मी न्यायला येईन."

"कोणाला काय झालंय?"

"काही नाही हो, ओफेलिया," मिर्ता म्हणाली. "नुसते प्रश्न विचारतात. आज वार कोणता, राष्ट्राध्यक्ष कोण, असलं काहीतरी."

"राष्ट्राध्यक्ष कोण ते विसरायला मी कधीची तयार आहे. तोच विसरू देत नाही."

ब्रूनो फसकन हसला. रूबेन हसला नाही.

"मागच्या महिन्यात तू गॅस चालू ठेवून झोपलीस."

"एकदा."

"दोनदा, आई."

तेवढ्यात खांबाच्या बाजूने कोणीतरी पुरुषी आवाजात हाक मारली, "आई, सोडा दे ना इकडे!" आणि ओफेलियाबाईंचा हात सोड्याच्या बाटलीकडे गेला. बाटली उचलल्यावर त्यांच्या ध्यानात आले की हाक आपल्या टेबलावरची नाही. त्यांनी ती खाली ठेवली. खांबापाशी एक दाढीवाला माणूस, त्याची बायको आणि दोन वेण्या घातलेली एक मुलगी बसली होती. चौथी खुर्ची रिकामी होती. मुलीने बाईंकडे पाहून काटा हलवला, घरच्या माणसाला हलवावा तसा.

"एकदा डॉक्टरांनी लिहून दिलं," रूबेन म्हणत होता, "की आद्रोगेचा तो वृद्धाश्रम बघून येऊ. बाग आहे, परिचारिका आहेत. तू राहतेस ते घर तसंही एकटीला मोठंच. गिऱ्हाईक आलंय."

म्हणजे ठरलेच होते. हेनारोने विटेवर वीट ठेवून बांधलेले घर. ज्या घरात बाईंच्या संमतीवाचून पडद्याचा रंगसुद्धा बदलला गेला नव्हता, ते गुरुवारच्या चार उत्तरांवर टांगले गेले होते. त्यांचे डोळे भरून आले. आजवर त्यांनी मुलापुढे डोळ्यांतून पाणी काढले नव्हते, आणि इथे तर काढणारच नव्हत्या. त्या उठल्या.

"आई, न्योकी अर्धे राहिलेत. बाबांचा नियम..."

"तुझ्या बाबांचे नियम तू मला शिकवू नकोस."

स्वच्छतागृहात त्यांनी तोंडावर गार पाणी मारले, केस सारखे केले, ओठांना लाली लावली. भिंतीपलीकडून गलका ऐकू येत होता. मग तो एकाएकी थांबला. ताटवाट्यांचा आवाज नाही, हसणे नाही, स्वयंपाकघरातला आरडाओरडा नाही. तेहेतीस वर्षांत पोतेन्सा कधी असे गप्प झाले नव्हते. बाईंनी नळ बंद केला. नळ बंद होताच गलका पूर्वीसारखाच सुरू झाला, मधल्याच शब्दापासून.

त्या बाहेर आल्या आणि खिडकीकडे गेल्या. त्यांच्या खुर्चीत त्यांच्याच वयाची एक बाई बसली होती. गोल चेहरा, पिंगट केस. त्यांचे अर्धे राहिलेले न्योकी ती खात होती. मिर्ता तिच्या बाहीवरचा रस्सा पुसत होती.

"ही माझी जागा आहे," ओफेलियाबाई म्हणाल्या.

रूबेनने वर पाहिले. त्याच्या नजरेत राग नव्हता, थट्टा नव्हती. परक्या म्हाताऱ्या माणसाशी वागावे तशी सौम्य अदब होती.

"काय हवंय, बाई? टेबल चुकलं का तुमचं?"

"रूबेन."

"हो?" त्याला नवल वाटले. "आपली ओळख आहे का? माफ करा, मला काही आठवेना." मग तो त्या पिंगट बाईकडे वळला. "आई, तू ओळखतेस का यांना?"

ती बाई ओफेलियाबाईंकडे बघतच राहिली.

"दोन्या ओफेलिया!" सेवेरो त्यांच्या कोपराला धरून उभा होता. "तिकडे केव्हाचे वाट बघतायत. थंड होईल सगळं."

ओरडावे, टेबल धरून बसावे, असे बाईंच्या मनात आले. पण भरल्या खाणावळीत, आपली माणसे आपल्याला ओळखत नाहीत म्हणून आक्रोश करणारी म्हातारी! मग गुरुवारच्या डॉक्टरांची तरी काय गरज? त्यांनी पाठ ताठ केली आणि त्या सेवेरोबरोबर चालू लागल्या.

"सेवेरो, खरं सांग. आम्ही कुठे बसतो?"

"खांबापाशी. इतकी वर्षं."

"आणि ते, खिडकीतले?"

सेवेरोने पाहिले. तो कोणाला विसरत नसे. "ते आज पहिल्यांदाच आलेत."

खांबापाशी चौथ्या खुर्चीवर बाईंचा कोट होता. त्यांचीच पिशवीही होती. समोर अर्धे खाल्लेले न्योकीचे ताट.

"काय गं आई, किती वेळ!" दाढीवाला म्हणाला. "अर्ध्यावरून उठलीस? बाबा असते तर चमचा मारला असता पाठीत."

बाई बसल्या. पिशवीतून चष्मा काढायला गेल्या तर हाताला फोटो लागला. समुद्रकिनारा. दाढीवाला, त्याची बायको, ती वेण्यांची मुलगी. मुलीच्या खांद्यावर बाईंचा हात होता. बोटात लग्नातली अंगठी.

"गुरुवारी..." त्या चाचरत म्हणाल्या. "डॉक्टरकडे..."

"कशाला डॉक्टर? ठणठणीत तर आहेस."

"आणि घर?"

"घराचं काय?" त्याची बायको हसली. "तुमचं घर, तुमचं राज्य. आम्हाला तर पडदे बदलायचीही सोय नाही."

तिघेही हसले. ते हसणे प्रेमाचे होते. बाईंनी काटा उचलला. न्योकी अजून गरम होते. त्यांनी एक घास घेतला, आणि त्या घासाने त्यांना इतके बरे वाटले की त्यांची त्यांनाच भीती वाटली.

खिडकीतली मंडळी उठली होती.

रूबेनने त्या पिंगट बाईला कोट चढवला. गळ्यापर्यंत गुंडी लावली. बाईंना तो नेहमी असाच कोट घालून देई. वरची गुंडी लावताना दर वेळी हनुवटीला हात लागे.

दारापाशी ती बाई थांबली. मागे वळली. तिने एकदाच खांबाच्या टेबलाकडे पाहिले. दाढीवाल्याकडे. मुलीकडे.

मग रूबेनने तिला हलकेच बाहेर नेले.

आता लाज नको. अभिमान नको. डॉक्टर, आद्रोगे, काय व्हायचे ते होवो. दार मिटायला अजून वीतभर फट होती. ओफेलियाबाई टेबलावर दोन्ही हात रोवून उभ्या राहिल्या आणि त्यांनी छातीत होता नव्हता तेवढा श्वास भरून आपल्या मुलाला हाक मारली.

"रेनाता!"

हे नाव त्यांनी आयुष्यात कधी ऐकले नव्हते.

दार मिटले. वेण्यांच्या मुलीने ताटातून डोके वर न काढता विचारले,

"काय गं, नोना?"