कुस्तोद मेस्तचं दुसरं व्हायोलिन

गेल्या मे महिन्यातला शेवटचा शनिवार. रात्रीचे पावणेबारा वाजले होते आणि आपला लिनो कार्दोझ स्कूटर घेऊन निघाला होता, विसरलेलं व्हायोलिन आणायला. हसू नका रे. माणूस छत्री विसरतो, चष्मा विसरतो. हा पठ्ठ्या लदीन, ती गायची प्रार्थना, उशिरा आटोपल्यावर व्हायोलिनची पेटी शेतातल्या क्रुसाच्या, आपल्या खुरसाच्या पायरीवर ठेवून सरळ घरी आला आणि जेवायला बसला. बायको, लुर्दिन, भडकली. "मेस्तनी दिलेली वस्तू उघड्यावर टाकून आलास? कुत्र्यांनी ओढायच्या आत घेऊन ये, जा!" लिनोनं अर्ध्या जेवणावर हात धुतला. पुढचं सगळं त्यानं मला याच बालकांवावर, या दारापुढच्या बाकावर बसून सांगितलं. आन्सेल्म, तू बसलायस ना, तिथंच. मी पदरचं काही घातलेलं नाही.

आता मेस्त कुस्तोद कोण, ते या धाकट्यांना सांगायला हवं. आपल्या चर्चमध्ये, इगर्जीत, गाणं-वाजवणं शिकवायचे ते. गावातल्या निम्म्या लोकांना सुरात रडायलासुद्धा त्यांनीच शिकवलं. लिनो त्यांच्याकडे गेला तेव्हा त्याला नाक पुसायची अक्कल नव्हती. मेस्त त्याला रात्री घरी बोलवायचे, जुनी तबकडी लावायचे आणि म्हणायचे, "वरचा सूर सगळ्यांनाच ऐकू येतो, पुता. खाली काय चाललंय ते ऐक." एकच तबकडी चार-चार वेळा. मध्येच म्हातारा खूश होऊन टाळी द्यायचा, जणू समोर बरोबरीचा दोस्त बसलाय! आणि पोरगा मोठा झाल्यावर दोघांची दोस्तीच झाली, वयाचा हिशेब कुणी धरला नाही.

मे महिन्यात खुरसाकडे लदीन असली की दोघं शेजारी उभे राहायचे. वरचा सूर लिनोला देऊन मेस्त स्वतः खालचा धरायचे. सांगायचे, "तू बिनधास्त वर जा. पडलास तर मी खाली आहे." आणि पोरगा खरंच पडायचा, पण गावाला कधी कळायचं नाही. खालून कुणीतरी अलगद झेललेलं असायचं.

पुढे लिनो हॉटेलात वाजवायला लागला. चांगला वाजवायचा, खोटं कशाला बोला? दोन वर्षांपूर्वी मोठ्या बोटीवरचा एक साहेब त्याला ऐकायला म्हणून मुद्दाम आपल्या लदिनीला आला. मेस्तना तेव्हा ऐंशी उलटलेली. हात कापायचा, तसा सूरही कापायचा. लिनोनं हॉटेलातले माईक आणले होते, एक स्वतःपुढे, एक मेस्तपुढे. म्हाताऱ्याचा तो कापरा सूर लाउडस्पीकरवरून शेतापार घुमायला लागला आणि साहेबाच्या कपाळावर आठी पडली. लिनोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं हात लांब केला... आणि मेस्तच्या माईकचं बटण बंद केलं.

मेस्त शेवटपर्यंत वाजवत राहिले. डोळे मिटून.

नंतर चणे वाटताना म्हातारी आपोलीन म्हणाली, "मेस्त, आज तुझं व्हायोलिन कानावर आलंच नाही रे?"

मेस्त म्हणाले, "माझाच हात हलका पडला गे." आणि आपल्या पानातले चणे लिनोच्या ओंजळीत ओतले. त्यांना सगळं कळलं होतं, हे लिनोला तेव्हाच कळलं.

लिनो बोटीवर गेला. त्याच ऑगस्टात मेस्त वारले तेव्हा हा कुठल्याशा समुद्रात होता. परत आला तो हात गमावूनच आला म्हणा. व्हायोलिनवर गज टेकवला की बोटं गार पडायची. लोकांना सांगायचा, सांधे धरलेत. त्या शनिवारीसुद्धा काळा शर्ट घालून, भांग पाडून लदिनीला आला आणि ऐनवेळी म्हणाला, "तार तुटली." बायांनी व्हायोलिनशिवायच लदीन म्हटली. तार काही तुटलेली नव्हती, आणि पेटी पायरीवर राहिली ती काही विसरभोळेपणानं नाही. त्याला ती घरात नकोशीच झाली होती.

तर तो खुरसाकडे पोचला. दोन्ही बाजूंना शेतं. वाऱ्याचं नाव नाही. मेणबत्त्या विझून त्यांचं मेण पायरीवर ओघळलं होतं. पेटी जागच्या जागी होती. उंदीर-बिंदीर शिरला नाही ना, म्हणून त्यानं उघडून पाहिली.

आणि खुरसामागून व्हायोलिन वाजायला लागलं.

लदिनीचीच चाल. पण खालचा सूर. कापरा...

जिथं वरच्या सुरानं उठायचं, तिथं तो थांबला.

वाट पाहिली.

पुन्हा सुरू झाला. पुन्हा तिथंच थांबला.

शेवटी लिनो म्हणाला, "मेस्त... तो माईक मी बंद केला होता."

इतक्या दिवसांत हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. लुर्दिनलाही नाही.



थोड्या वेळानं सूर पुन्हा सुरू झाला. पहिल्यापासून. मघापेक्षा मऊ.

लिनोनं व्हायोलिन खांद्याला लावलं. गज ओढला.

आवाज नाही.

जोर लावला. तारा बोटांना लागत होत्या. गज फिरत होता. पण आवाज... नाहीच. त्या काळोखात फक्त तो कापरा सूर. एकटा.

तेव्हा त्याला रडू फुटलं. म्हातारा त्या दिवशी अख्खी लदीन असाच उभा होता. आपलं कुणाला ऐकू जात नाही, हे माहीत असून.

पण लिनो थांबला नाही. तेवढं मात्र त्यानं केलं. रडत, नाक ओढत, शेवटच्या आमेनपर्यंत वाजवलं. आपला एक सूरही ऐकू न येता.

मग सगळं शांत.

बेडूकसुद्धा नाही.

आणि मागून... कुणीतरी... त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हलका. दोनदा थोपटलं.

स्कूटर तिथंच टाकून तो घरापर्यंत पळत आला.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला, डोळे सुजलेले. "तियू बोस्त्यांव," म्हणाला, "काका, थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं रे. शाबासकी कशाला दिली त्यांनी मला?" मी फेणी ओतली, ती त्यानं घेतली नाही.

रात्रीचा तो काळा शर्ट त्यानं पिशवीतून आणला होता. लुर्दिननं रात्रीच उकळत्या पाण्यात घातला होता, सकाळी पुन्हा साबण लावून घासला होता. मी हा असा दिव्याखाली धरला. उजव्या खांद्यावर पाच बोटं. पांढरी. व्हायोलिनच्या गजाला राळ लावतात ना, तिची.

मी बोट टेकवून पाहिलं.

चिकटलं रे...

ती राळ अजून ताजी होती.