तीन ठोके

ही घटना माझ्याच घरातली आहे. ऐकीव असती तर मीही हसून सोडून दिली असती.

२६ मे २०२४, रविवार. नवतपाचा, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांतला, दुसरा दिवस. नागपूर, तांडापेठ.

आम्ही विणकर. म्हणजे आता फक्त मोठेबाबा विणकर होते. वडिलांचे मोठे भाऊ, नत्थूजी. वय एकोणऐंशी, लग्न केलं नाही. मी सदर भागातल्या एका ऑफिसात नोकरी करतो. मागच्या खोलीत त्यांचा जुना हातमाग, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा. लुगडं कोणी मागत नव्हतं, तरी ते रोज विणायचे.

खटाक-खटाक... खटाक-खटाक...

त्या आवाजाची घराला इतकी सवय, की माग वाजतोय म्हणजे मोठेबाबा बरे आहेत. वेगळं जाऊन कोणी बघायचं नाही. मीसुद्धा नाही.

त्या दिवशी सकाळी आठ वाजता चहा घेऊन ते मागावर बसले. मी कूलरसमोर मोबाईल घेऊन आडवा झालो.

दीड वाजला.

"अजी, मोठेबाबा जेवाले नाही आले अजून," माझी बायको रोशनी म्हणाली.

"माग चालू हाय ना? येतीन."

"आज थांबून थांबून वाजून राहिला."

"वय झालं त्यांचं."

तीन वाजले... चार वाजले... आवाज येतच होता.

सहाला तो थांबला.

रोशनी चहा घेऊन गेली. मग तिने मला हाक मारली, अगदी हळू.

मोठेबाबा मागावरच होते. कपाळ लुगड्यावर टेकलेलं. हात धागा ठोकून बसवायच्या फणीच्या लाकडी चौकटीवर. शेजारी लोटा पालथा, कोरडा.

हात लावला... अंग ताठलेलं.

गल्लीतल्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, "सकाळीच गेले. दहाच्या आत."

"पण आत्तापर्यंत माग वाजत होता, डॉक्टर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बॅग बंद केली.

लुगडं त्या दिवशी जेमतेम चार बोटं पुढे सरकलं होतं. मग दिवसभर काय वाजत होतं?

ते मला रात्री आठवलं.

लहानपणी मोठेबाबांना पाणी देणं माझं काम होतं. गुडघे दुखायचे, खड्ड्यातून सारखं उठवत नसे. पाणी हवं असलं की नुसती फणी तीनदा ठोकायचे. ठक. ठक. ठक. मी लोटा घेऊन पळायचो.

"गळा काहून फाडू गा? माह्या प्रज्वलले समजते," माझं नाव घेऊन म्हणायचे.

त्या दिवशी तेच वाजत होतं. तीन ठोके आणि शांतता. तीन ठोके आणि शांतता. सहा वाजेपर्यंत.

घरात ते ओळखणारा मी एकटाच होतो. मी ऐकलं, आणि पडून राहिलो.

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी दुपारी...

ठक. ठक. ठक.

रोशनीनेही ऐकलं. मी पाणी घेऊन धावलो. माग रिकामा. लोटा ठेवला आणि आवाज थांबला. संध्याकाळी पाणी तसंच, भरलेलं.

मग रोज दुपारी ठोके, रोज लोटा. खरं सांगतो, भीती वाटली नाही. बरं वाटायचं.

पण माणूस कशालाही सरावतो हो. वर्ष गेलं. पुन्हा मे आला, पुन्हा रविवार.

ठक. ठक. ठक.

"ऐकून राहिले ना?" रोशनी म्हणाली.

"हो, जातो." मी मोबाईलमधून मान वर केली नाही.

ठोके पुन्हा झाले. मग पुन्हा. मी ऐकत होतो, उठत मात्र नव्हतो.

भानावर आलो तेव्हा सहा वाजले होते. माग गप्प होता.

त्यानंतर आवाज आला नाही. एकदाही नाही.

सुट्टीच्या दिवशी मी आता लोटा भरून मागाजवळ बसतो. कान नीट लागावेत म्हणून कूलर बंद ठेवतो. अंगाला घामाच्या धारा लागतात. रोशनी दारातून बघते आणि परत जाते.