पादऱ्याच्या पोथीवरचं कुंकू

सक्करदरा तलावाजवळच्या बसस्टॉपवर परतीच्या पावसानं सोनिकाला गाठलं, तेव्हा शेडखाली एकच माणूस होता. शर्ट ओला, केस ओले. पण पोटाशी धरलेलं गाठोडं त्यानं असं जपलं होतं, की आत मांजराचं पिल्लू असावं.

"जिवंत आहे काय ते?" तिनं विचारलं.

"काय?"

"नाही... थोपटून राहिले ना तुम्ही."

तो ओशाळून हसला. "पुस्तक आहे. इकडं सोनिका मॅडम म्हणून राहतात, जुनी पुस्तकं नीट करून देतात. बहुत खडूस आहेत म्हणे."

"कोण म्हणे?"

"लायब्ररीतले. एका प्रोफेसरले हाकलून देलं म्हणे त्यांनी... थुंकी लावून पानं उलटवली म्हणून."

"बरोबरच केलं," सोनिका म्हणाली. "पाऊस थांबू द्या, घर दाखवते. मीच ती खडूस."

त्याचं नाव दुर्गेश. कोराडीच्या वीज केंद्रात नोकरीला. गाठोडं म्हणजे त्याच्या आईच्या हिरव्या लुगड्याचा तुकडा, आणि आत चामड्याच्या बांधणीचं दोनशे वर्षांहून जुनं पुस्तक. एका जर्मन कवीनं येशूच्या यातनांवर रचलेलं महाकाव्य, कुणीतरी इंग्रजीत आणलेलं. दुर्गेशचे आजोबा रामाजी एका पादऱ्याच्या बंगल्यावर माळी होते. पादरी मायदेशी निघाला तेव्हा 'देवाची पोथी आहे, जप' म्हणून त्यांच्या हातात देऊन गेला. रामाजींना इंग्रजी येत नव्हतं, पण देव कळत होता. पोथी देवघरात गेली, गणपतीशेजारी. आता तिला कसर लागली होती आणि पुठ्ठा सुटून हातात आला होता.

"घरात वाचली कोणी?"

"बाबा म्हणतात, वाचायची पोथी वेगळी, पुजायची वेगळी."

मग तो दर रविवारी येऊ लागला. कॉलरवर कोराडीची राख, हातात गरम समोसे.

"पुस्तक पाहाले आलो."

"पुस्तक तिकडं टेबलावर आहे. तुम्ही इकडं पाहून राहिले."

"तिकडंच पाहत होतो... मधात तुम्ही आल्या."

नवरात्र लागेपर्यंत 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. कधी झालं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

आणि त्याच आठवड्यात सोनिकाच्या हातून ते घडलं.

पोथीच्या पहिल्या पानावर, समासात, लाल ठिपके होते. एकाखाली एक. या कामाचा पहिला नियम असा, की मालकाला विचारल्याशिवाय पानावरचं काहीही काढायचं नाही. सोनिकानं तो नियम कधी मोडला नव्हता. पण त्या दुपारी तिच्या डोळ्यांसमोर दुर्गेशचा चेहरा होता. स्वच्छ पान पाहून तो कसा हसेल... तिनं विचारलं नाही. कापसाचा ओला बोळा घेतला आणि एकेक ठिपका अलगद टिपत खाली आली. शेवटचा ठिपका उरला असताना दुर्गेशचा फोन आला.

"सोने, पहिल्या पानावर लाल ठिपके आहेत ना, ते सांभाळजो. आईचे आहेत. दर दसऱ्याले ती पोथीले कुंकू लावे, एकाखाली एक. ती गेल्यापासून बाबा रोज ते पान उघडून बसायचे."

हातातला बोळा लाल होता.

"हॅलो? आहेस ना?"

"आहे... सांभाळते."

त्या एका शब्दानंतर भीती तिच्या घरात राहायलाच आली. दसऱ्याला ती स्वतः कात्री, सुरी, ब्रशला कुंकू लावायची. मग ओळखू कसं आलं नाही? देवघरात जे कुंकू, ते तिच्या टेबलावर डाग झालं होतं.

पुढच्या रविवारी तिनं पानावर टीपकागद घातला. "ओलं आहे. हात नको लावू."

"माझ्यापासून काही लपवून राहिली काय?" तो थट्टेनं म्हणाला.

तिनं समोशांची पुडी त्याच्यापुढे सरकवली.

"दसऱ्याले बाबा येऊन राहिले," तो हळूच म्हणाला. "पोथी न्यायले... अन् तुले पाहायले. मी सांगतलं त्यायले."

किती दिवस तिनं या वाक्याची वाट पाहिली होती! आता ते ऐकून तिला टीपकागदाखालचं पान आठवलं. रस्त्यावर बसचा ब्रेक वाजला तरी ती पान झाकायला धावू लागली. एका संध्याकाळी तिनं तांबडा रंग कालवला, ब्रश पानाजवळ नेला. हुबेहूब ठिपके काढता आले असते. पण एका बाईच्या बोटाची नक्कल... तिनं रंग ओतून दिला.

दसऱ्याच्या सकाळी हत्यारं पाटावर मांडून तिनं पूजा केली. तेवढ्यात दुर्गेशसोबत त्याचे बाबा, मारोतराव, आले. पांढरा पायजमा, जाड चष्मा, मुठीत आपट्याची पानं.

"सोनं घे वं पोरी."

ती पाया पडली, पण हात पुढे केला नाही. "काका, आधी हे पान पाहा. मग द्यायचं असलं तर द्या."

तिनं टीपकागद उचलला आणि सगळं सांगितलं. सबब एकही सांगितली नाही.

मारोतरावांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. उरलेल्या ठिपक्याजवळ बोट नेलं. "हा शेवटचा. तवा तिचा हात थरथरे." मग ते उठले आणि व्हरांड्यात जाऊन बसले. आपट्याची पानं टेबलावर राहिली.

दुर्गेश तिच्याकडे पाहत नव्हता. "मी फोन केला, तवा..."

"पुसून झाले होते."

"अन् तू 'सांभाळते' म्हणाली."

"भेव वाटलं. तू येणं बंद करशील..."

"काहून पुसले पण?"

"तू खूश होशील म्हणून."

मग तो उठला. आता दाराकडे जाईल, असं तिला वाटलं. तिनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पाटावरचा कुंकवाचा करंडा तिच्यासमोर होता.

"लाव."

"काय?"

"आईच्या खाली. आमच्या घरी सुनेनं लावायचं असते."

"दुर्गेश... बाबा बाहेर..."

"याच्या आईलेही पहिल्या वर्षी भेव वाटलं होतं," व्हरांड्यातून मारोतरावांचा आवाज आला. "इंग्रजी पोथी, दुसऱ्याचा देव... लावू का नको? माझी माय म्हणे, देव कोणाचाही असो, दसऱ्याले कोरा ठेवू नये."

कुंकू कागद खातं, हे सोनिकाला पक्कं ठाऊक होतं. तिच्या कामाच्या एकाही नियमात हे बसत नव्हतं. तिनं अनामिका करंड्यात बुडवली. बोट इतकं कापत होतं, की ठिपका वाकडा उमटला... वरच्यासारखाच.

"जास्त नको लावू वं, ओघळते," बाहेरून मारोतराव म्हणाले. "अन् ते टेबलावरचं सोनं उचल. वाळून राहिलं."